सरांच्या बाटल्यांना एक कपाट द्या

मा. संस्थाचालक, प्राचार्य आणि सोलापूर जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्र विभागांतले सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एका कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, कारण कुणाचा पाणउतारा करायला हे पत्र नाही. जे झालं ते कुठंही होऊ शकतं, कदाचित काही ठिकाणी होऊनही गेलं असेल आणि कुणाला कळलंही नसेल, म्हणून सगळ्यांनाच लिहितेय. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी बत्तीस वर्षं इथल्या तलावांतले सूक्ष्म जीव बाटल्यांत जमवून ठेवले, त्या बाटल्यांची ही गोष्ट.

मागच्या मे महिन्यात आमच्या लॅबमधल्या मामांचा फोन आला. "पोरी, कमिटी येणार म्हणून मागची खोली रिकामी करलालेत, सरांच्या बाटल्या बेसिनात ओतलालेत, ये की लवकर." मी पुण्यात असते. रात्रीची गाडी धरली, सकाळी सातला कॉलेजच्या गेटवर होते, तरी निम्म्याहून जास्त बाटल्या गेल्या होत्या. रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून भंगारवाल्यासाठी भिंतीला लावलेल्या, आणि आतल्या चिठ्ठ्या, बटर पेपरवर पेन्सिलनं लिहिलेल्या, बेसिनच्या जाळीत अडकून बसलेल्या. एक उचलून बघितली. "सिद्धेश्वर, देवळाकडची बाजू, ९ जाने. १९९१, गड्ड्याआधी." सिद्धेश्वर म्हणजे सोलापुरातला तलाव, गड्डा म्हणजे तिथली जानेवारीतली जत्रा. अक्षर सरांचं. मामांच्या दोन्ही हातांची आग होत होती, कारण बाटल्यांत फॉर्मॅलिन, म्हणजे नमुने सडू नयेत म्हणून घालायचं रसायन, असतं आणि ग्लोव्हज कुणी दिले नव्हते, आणि ते सगळं फॉर्मॅलिन गटारात गेलं ते वेगळंच.

उरलेल्या बाटल्या मी केळीच्या चार खोक्यांत भरल्या, मधे मधे वर्तमानपत्र कोंबून, रिक्षात घालून पूर्व भागात आईच्या घरी आणल्या. नानांचा, म्हणजे वडिलांचा, माग जिथं होता त्या खोलीत त्या आता आहेत. त्या चार खोक्यांसाठी हे पत्र आहे.

सरांचं नावही मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सर १९८४ ला लेक्चरर म्हणून लागले. तेव्हा आपलं सोलापूर विद्यापीठ नव्हतं, ते २००४ ला झालं, तोवर सगळी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. गाईड कोल्हापूरला, लायब्ररी कोल्हापूरला, मायक्रोस्कोप इथं एकच आणि तोही प्रॅक्टिकलच्या पोरांसोबत वाटून घ्यायचा. अशात सरांनी विषय निवडला गोड्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी. झूप्लँक्टन. रोटिफर, पाणपिसवा म्हणजे क्लॅडोसेरा, सायक्लॉप्स आणि त्याचे भाऊबंद, ऑस्ट्राकॉड. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, बरेचसे तर नुसत्या डोळ्याला ठिपका म्हणूनही दिसणार नाहीत असे. रोटिफर तर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, बस्स.

शनिवारी पहाटे लूनावर तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावावर जायचं, डिक्कीत जाळं, बादली आणि बाटल्या. काठावरच्या उथळ पाण्यातून पन्नास लिटर पाणी बादलीनं मोजून जाळ्यातून गाळायचं, जाळ्याच्या टोकाला जी बाटली असते तिच्यात जे जमेल ते फॉर्मॅलिन घालून ठेवायचं, चिठ्ठी आत टाकायची, पाण्याचं तापमान आणि वारा रजिस्टरात. मग आठवड्यातून एकदा सिद्धेश्वर तलाव, महिन्यातून एकदा कंबर तलाव, होटगी, आणि सुट्टीत उजनीचं बॅकवॉटर. बत्तीस वर्षं. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरतो ना, एका वर्षी त्या तारखेला रजिस्टरमधे लिहिलंय, "रस्ता बंद, गर्दीबरोबर चालत गेलो, नमुना घेतला." एवढंच.

मी सरांकडे आले ती एफवायला. आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, नाना यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि आई विड्या वळायची. सरांचं जाळं फाटलं होतं आणि त्यांनी वर्गात विचारलं की पूर्व भागात चांगला शिलाईवाला कुणाला माहितीये का. मी हात वर केला. सरांनी स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून आणलेलं बारीक नायलॉनचं जाळीचं कापड दिलं, साठ मायक्रॉनचं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक भोकं. नानांनी ते कापड दारात उजेडाला धरलं, अंगठ्यानं ताणून बघितलं, परत बघितलं आणि म्हणाले, ह्याचा एक धागा सरकला तर सगळं वाया, शिवणीत सुई जाईल तिथं भोक मोठं होणार, तिथून तुझे जीव पळणार. म्हणून त्यांनी टेलरला सांगून शिवण दुमडून आतून जाड सुती पट्टी लावून घेतली. सरांना ते सुचलं नव्हतं. नंतर सरांनी सगळी जाळी तशीच शिवून घेतली आणि रजिस्टरमधे नोंद केली की अमुक तारखेपासून शिवण बदलली आहे, आधीच्या आणि नंतरच्या मोजणीची तुलना करताना हे धरा. मागावरच्या माणसानं सांगितलेली गोष्ट सायन्सच्या रजिस्टरमधे गेली ह्याचं माझ्या नानांना शेवटपर्यंत फार वाटायचं.

पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तो ब्रॅकिओनस नावाचा रोटिफर होता, हिप्परग्याचा. काचेच्या घागरीसारखं अंग, पुढं टोकं, आणि तोंडाशी दोन चाकं गरागरा फिरतायत. खरं तर चाकं नसतातच, बारीक केसांची लाट एकामागून एक उठते आणि आपल्याला चाक फिरल्यासारखं दिसतं, पण १८ वर्षांच्या पोरीला ते कळत नव्हतं आणि मी सरांना म्हटलं सर ह्याला मोटर आहे. सर हसले नाहीत. म्हणाले, बस, तासभर बघ, मग सांग. तासाभरानं एका मोठ्या पिशवीसारख्या रोटिफरनं, अ‍ॅस्प्लांक्नानं, दुसऱ्याला गिळलेलं दिसलं. मग सरांनी सांगितलं की ही अ‍ॅस्प्लांक्ना पाण्यात असली की तिच्या अंगातून जे द्रव्य पाण्यात उतरतं त्याची जाणीव ब्रॅकिओनसच्या आयांना होते आणि त्यांची पुढची पिल्लं लांब काटे घेऊन जन्माला येतात, गिळायला अवघड जावं म्हणून. आई संकट ओळखते आणि लेकराला काटे देते. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला हे सांगितलं, ती विड्या वळता वळता थांबली.

सरांच्या बाटल्यांत हेच आहे. कुठल्या वर्षी काटे लांब होते, कुठल्या वर्षी आखूड, कुठल्या वर्षी कोण दिसायचं बंद झालं. उजनीचं धरण १९८० च्या सुमाराचं, आणि त्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येतं हे सगळ्यांना माहितीये, पण पाणी बदलत गेलं तसतसे त्यातले जीव कसे बदलले हे बघायचं तर जुनं पाणी पाहिजे. जुनं पाणी कुठून आणणार? पाण्याचे आकडे कागदावर मिळतील, पण आकडे ज्यानं मोजले त्यानं काय नाही मोजलं ते परत मोजता येत नाही. बाटली असली तर येतं. उद्या कुणाला प्लास्टिकचे कण शोधायचे असले, १९९१ च्या पाण्यात होते का नव्हते, तर बाटली उघडून बघता येईल. सरांनी त्यासाठी ठेवल्या नव्हत्या, त्यांना तेव्हा हा प्रश्नच माहीत नव्हता.

ह्या जिवांचा माणसाशी काय संबंध असं विचारणारे खूप भेटले, लग्न जमवताना तर प्रत्येक बैठकीत भेटले. माझ्या अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, पिंडरीवर एक लांब व्रण होता. नारूचा. पन्नाशीच्या पुढच्या सोलापूरकरांना नारू सांगावा लागत नाही. बारवेत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यात सायक्लॉप्स, सायक्लॉप्सच्या पोटात नारूची अळी. पाणी प्यायलं की साधारण वर्षभरानं पायातून हातभर लांब जंत बाहेर यायला लागतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. आणि आग थांबावी म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, तिथं जंत हजारो अळ्या सोडतो, त्या परत सायक्लॉप्स खातो. सगळं चक्र एका मिलिमीटरच्या जिवाभोवती फिरत होतं. ना लस होती ना औषध. देशात १९८३-८४ पासून मोहीम चालली, बारवांचे पायऱ्यांचे रस्ते बंद करून रहाट-हातपंप झाले, पाण्यात टेमेफॉस टाकलं, आणि लोकांना सांगितलं पाणी कापडातून गाळून प्या. कापडातून सायक्लॉप्स जात नाही. १९९६ ला राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला. हे शक्य झालं कारण कुणीतरी आधी बसून सायक्लॉप्स कसा जगतो, केवढा असतो, कुठल्या भोकातून जातो आणि कुठल्या नाही हे बघितलं होतं. कापड विणणाऱ्या आपल्या शहराला ही गोष्ट शाळेत शिकवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पटकीचंही तसंच. पंढरपूरच्या वारीत एकेकाळी पटकीनं माणसं कशी जायची ते जुन्या लोकांनी ऐकलेलं असतं. पटकीचे जंतू ह्याच कोपेपॉड, म्हणजे सायक्लॉप्सच्या कुळातल्या, जिवांच्या अंगाला चिकटून राहतात. रीटा कोलवेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळायला लावलं, पटकी जवळजवळ निम्म्यावर आली, २००३ साली ते छापून आलं, ४८ टक्के घट. साडी नवी नको, जुनीच, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि भोकं बारीक होतात. हे मी नानांना सांगितल्यावर ते म्हणाले एवढं तर मागावरचं पोरगंही सांगेल. खरंय, पण त्या कापडात काय अडकतं हे मागावरच्या पोराला कुणी दाखवलं नव्हतं.

डेंग्यूचं सांगायचं तर व्हिएतनाममधे मेसोसायक्लॉप्स नावाचा सायक्लॉप्सचाच भाऊ पाण्याच्या मोठ्या टाक्यांत सोडून त्याच्याकडून डासांच्या अळ्या खाऊन घेतल्या, आणि गावंच्या गावं डेंग्यूतून सुटली. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी आणि घराघरात बॅरल भरलेले, विचार करण्यासारखं आहे की नाही? पण विचार करायला इथल्या टाक्यांत आणि तलावांत कुठला मेसोसायक्लॉप्स राहतो ते ठाऊक पाहिजे. सरांना ठाऊक आहे, आणि ते बाटल्यांत आहे.

आणि मासे. उजनीकाठच्या भोई मंडळींना विचारा, मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, सोडल्यावर पहिले काही दिवस ते काय खाऊन जगतात. आधी रोटिफर, मग मोइना नावाची पाणपिसू, तोंडाच्या मापाप्रमाणे. तळ्यात ते नसले तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, होतच नाही, खाद्य कितीही टाका. कटला तर मोठा झाला तरी झूप्लँक्टनच गाळून खातो. म्हणजे जाळ्यात आलेला कटला हा सरांच्या बाटलीतल्या जिवांचाच झालेला असतो.

मला जे सगळ्यात जास्त लागून राहिलंय ते आता सांगते. गाळ. आपला दुष्काळी मुलूख, पाऊस कसाबसा पाचशे-सहाशे मिलिमीटर, तलाव उन्हाळ्यात आटतात, तळ भेगाळतो आणि लोक म्हणतात सगळं मेलं. मेलेलं नसतं. पाणपिसू पाणी कमी होताना जाड कवचाची अंडी घालते, रोटिफरही तसलीच अंडी घालतात, ती गाळात पडून राहतात, एक वर्ष, दहा वर्षं, पन्नास वर्षं. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तलावाच्या गाळातून काढलेली डॅफ्निया नावाच्या पाणपिसूची अंडी फुटली, त्यातली काही सुमारे सातशे वर्षांपूर्वीची होती, हे २०१४ साली छापून आलंय. डेलॉइड नावाच्या गटातले रोटिफर तर अंड्यावाचून, अख्खेच सुकतात. अंटोनी लेव्हेनहूक नावाच्या कापड दुकानदारानं, हो, कापडाच्याच, १७०२ साली छपराच्या पन्हाळातली वाळकी माती पाण्यात टाकली आणि ते परत पोहायला लागले. सैबेरियातल्या गोठलेल्या मातीतले तर २४,००० वर्षांनी उठले, २०२१ ला. ह्या डेलॉइडांत आजवर नर कुणाला सापडलेलाच नाही, सगळ्या माद्या. आणि आपण काय करतोय तर तलावातला गाळ काढून शेतात टाकतोय. गाळमुक्त धरणाची योजना चांगली आहे, शेतकऱ्याला गाळ मिळालाच पाहिजे, मी कुणाच्या पोटावर पाय देत नाहीये. फक्त जेसीबी उतरायच्या आधी तळातून चार-पाच ठिकाणी पाइप ठोकून गाळाचा उभा नमुना काढून ठेवा. हिप्परग्याचा तलाव इंग्रजांच्या काळातला, म्हणजे त्याच्या गाळात तेव्हापासूनचे थर आहेत. सिद्धेश्वर तलाव तर आपण बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा मानतो. त्या गाळात किती पिढ्यांची अंडी झोपली असतील सांगा, आणि वरचं पाणी कधी कसं होतं ते सगळं त्या थरांत लिहिलेलं असतं. एक पाइप, एक दिवस, चार पोरं. एवढंच लागतं.

सर एमएस्सीला एक गोष्ट सांगायचे. येल विद्यापीठातले जी. एव्हलिन हचिन्सन सिसिली बेटावर गेले होते, तिथं एका संत स्त्रीच्या देवळाखाली एक छोटं डबकं होतं, त्यात पाणकिड्यांच्या दोन जाती त्यांना दिसल्या, एक मोठी एक लहान, आणि त्यावरून १९५९ साली त्यांनी प्रश्न विचारला की जगात प्राण्यांच्या इतक्या जाती का असतात. अख्खं इकॉलॉजी त्या प्रश्नामागं लागलं. सर म्हणायचे, देवळाखालचं डबकं त्यांच्याकडं होतं, आपल्याकडं देवळाभोवती अख्खा तलाव आहे.

आता करिअरचं, कारण तुम्ही शिक्षक आहात आणि पोरं तुम्हाला हेच विचारतात की सर ह्यात पुढं काय. माझं सांगते, जसं झालं तसं. एमएस्सी केली, सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास झाले, सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, दोन दोन कॉलेजात, एका वर्षी मानधन पुढच्या जूनला मिळालं. पर्मनंट जागेच्या इंटरव्ह्यूत एकानं विचारलं तुमच्या पेपरचा दुसऱ्यांनी कितीवेळा संदर्भ दिला. टॅक्सॉनॉमीच्या, म्हणजे जाती ओळखण्याच्या, पेपरला असे संदर्भ, म्हणजे सायटेशन, कमी मिळतात, कारण एखाद्या रोटिफरच्या जबड्याचं चित्र जगात पन्नास माणसांना लागतं, पण त्या पन्नास जणांना ते लागतंच. हा जबडा बघायला अंग ब्लीचमधे विरघळवावं लागतं, मग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे दातेरी तुकडे उरतात, ते सुईनं फिरवून वेगवेगळ्या बाजूंनी काढायचे. सायक्लॉप्सच्या भाऊबंदांत नराचा पाचवा पाय बघायचा. पाणपिसूच्या शेपटाकडच्या नख्या बघायच्या. एक जात पक्की करायला मला पहिल्यांदा अकरा दिवस लागले होते, आता कधी कधी दहा मिनिटांत होते, आणि हे मधलं अंतर हेच सगळं शिक्षण आहे, ते कुठल्या सर्टिफिकेटवर येत नाही.

सात वर्षांनी मी पुण्यात एका खाजगी लॅबमधे लागले. पगार तासिकांपेक्षा बरा आहे. कामं खरोखर आहेत. एन्व्हायर्नमेंटचे रिपोर्ट करणाऱ्यांना प्लँक्टन ओळखणारं माणूस लागतं. औषध आणि कीटकनाशकं बनवणाऱ्यांच्या टेस्टिंग लॅबमधे डॅफ्निया पाळतात, चोवीस तासांच्या आतली पिल्लं केमिकलमधे सोडायची आणि अठ्ठेचाळीस तासांनी किती हलेनाशी झाली ते मोजायचं, ही जगभर मान्य टेस्ट आहे. मत्स्यबीज केंद्रं आहेत. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून आहे, त्याचं एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत मत्स्य शिक्षणाची मोठी संस्था आहे. मी पोरांना खोटी आशा दाखवणार नाही, जागा थोड्या आहेत आणि वाट बघावी लागते. पण माणसं त्याहून थोडी आहेत. माझ्याच लॅबमधे मागच्या वर्षी दोन जागा होत्या, आलेल्या बारा जणांतल्या एकालाही मोइना आणि सेरिओडॅफ्निया ह्या दोन पाणपिसवा वेगळ्या सांगता आल्या नाहीत, सगळे एमएस्सी फर्स्ट क्लास. त्यांनी जिवंत पाणीच कधी बघितलं नव्हतं, छापील चित्रं बघितली होती. बेडूक आणि झुरळं कापणं बंद झाल्यापासून प्रॅक्टिकलला काय घ्यायचं असं बऱ्याच ठिकाणी झालंय, मग तलावातली एक बादली घ्या ना. कुणाचा जीव घ्यावा लागत नाही, थेंब बघून झाला की बादली परत तलावात ओतायची.

सरांना बाटल्यांचं मी स्वतः जाऊन सांगितलं. आता त्यांना मधलं दिसत नाही, नजरेच्या कडेनं बघतात, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. बत्तीस वर्षं मायक्रोस्कोप बघितलेल्या माणसाला हे व्हावं ह्यावर मला काही बोलता येत नाही. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एकच विचारलं, "हिप्परग्याच्या वाचल्या का?" काही वाचल्यात, ८७ ते ९४ ची सलग रांग वाचलीये. मग त्यांनी रजिस्टर मागितलं. मी वाचत गेले, "हि. उ. का. ब्रॅ. ++, अ‍ॅ. ०, जप." आणि ते सांगत गेले, हिप्परगा, उत्तर काठ, ब्रॅकिओनस भरपूर, अ‍ॅस्प्लांक्ना नाही, जलपर्णी सुरू. ही अक्षरं जगात फक्त त्यांना वाचता येतात. अशी अकरा रजिस्टरं आहेत आणि आत्तापर्यंत आमची दीड झालीत. सर आता एकाहत्तरीचे आहेत.

म्हणून मागणी. पैसे नकोत. जिल्ह्यातल्या कुठल्याही एका कॉलेजनं एक कपाट द्यावं, लोखंडी, काचेचं नको कारण उजेडानं रंग उडतो, ऊन न येणाऱ्या खोलीत, कुलूपवालं, आणि किल्ली कुणा एका माणसाच्या नावावर लिहून. वर्षातून एकदा बाटल्या बघाव्या लागतात, पाणी उडालेलं असेल तर फॉर्मॅलिन वाढवायचं आणि थोडं ग्लिसरीन, म्हणजे पूर्ण वाळलं तरी जीव चुरगळत नाहीत. ते मी शिकवीन, मामांसारख्या माणसांनाही शिकवीन, ग्लोव्हज मी आणीन. टीवायची दोन पोरं महिन्यातून दोन शनिवार सरांच्या घरी बसू देत, एकानं वाचायचं, एकानं लिहायचं, फोनवर प्रत्येक पानाचा फोटो. यादी पुरी झाली की तिची एक प्रत आकुर्डीला द्यायची, आणि ज्या जाती इथं पुन्हा मिळाल्या नाहीत त्यांचे नमुने तिथं जमा करायचे, तिथं ते सांभाळायची पद्धत आहे.

ज्या कॉलेजात अशी कुणा सरांची, मॅडमची खोली आहे, मागची, बंद, धुळीची, तिथं कमिटी यायच्या आधी एकदा आत जाऊन चिठ्ठ्या वाचा. रिटायर झालेल्यांना फोन करा. आणि नव्यानं सुरू करा, महिन्याला एक तलाव, एक जाळं, दोन बाटल्या, एक फॉर्मॅलिनची आणि एक अल्कोहोलची, कारण फॉर्मॅलिनमधे डीएनए खराब होतो आणि पुढच्या माणसाला तो लागणार आहे. महापालिकेची, ग्रामपंचायतींची जैवविविधता नोंदवही असते, जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्या वह्यांत झाडं असतात, पक्षी असतात, नान्नजच्या माळढोकाचं नाव अभिमानानं असतं आणि असायलाच पाहिजे. त्यात तलावाच्या पानावर हिप्परग्याच्या ब्रॅकिओनसचं नावही लिहा. यादी मी देते.

जाळ्याचं कापड लागलं तर माझ्याकडं दोन मीटर आहे. नानांनी सांगितलेली शिवण ज्या टेलरनं घातली तो अजून अशोक चौकाच्या बाजूलाच बसतो, आता त्याचा मुलगा शिवतो, त्याला सांगून ठेवलंय.

कपाट मिळालं की खोकी मी स्वतः आणून लावीन. चिठ्ठ्या फक्त बाटलीच्या आतच राहू द्या आणि पेन्सिलच्याच. बाहेरून लावलेलं लेबल चार पावसाळ्यांत गळून पडतं.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी
पूर्व भाग, सोलापूर